मागच्या रांगेतली पिंपं

रंगाच्या त्या कंपनीत गोदामाची मोजणी म्हणजे एक सोहळाच असायचा. तारीख आधी कळवायची, मग गोदामवाले पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं सगळं आवरून ठेवायचे. तपासणारी मंडळी पुढच्या रांगेतली पिंपं उघडून बघायची आणि मागची नुसती मोजायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

या खेपेला अंतर्गत तपासणीच्या बाईंना कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. न कळवताच त्या गेल्या आणि मागच्या रांगेतलं एक पिंप त्यांनी हाताने ढकललं. ते सहज आडवं झालं. शेजारचंही झालं. मग शेवटच्या भिंतीपर्यंत त्या ठोकत गेल्या, तर निम्मं गोदाम पोकळ. हाच नसलेला रंग ताळेबंदात दिमाखात बसला होता, त्याच्यावर नफा दिसत होता, आणि त्या नफ्यावर शेअरचा भाव दर तिमाहीला वर वर चालला होता.

बाईंना धास्ती वाटली, पण कंपनीची नव्हे. कंपनी गेली चुलीत. त्यांच्या दादाने निवृत्तीची सगळी पुंजी या एकाच शेअरमध्ये घातली होती. "बहीण तिथे तपासायला बसलीय, मला कसली भीती," असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा.

बाईंनी हे कानावर घातलं तेव्हा हिशेबाचे मोठे साहेब फार गोड बोलले. "बाई, तिमाहीचे निकाल तेवढे लागू द्या, मग बघू. भाव पडून कुणाचं भलं होणार आहे?"

खोटं कशाला बोला, बाईंना ते घटकाभर पटलं. दादाचा चेहराच डोळ्यांपुढे आला. तरी अहवाल त्यांनी थेट संचालकांच्या समितीकडे पाठवला. समितीने बजावलं, खात्री करून निकालाच्या दिवशीच सगळं जाहीर करू, तोवर घरात एक शब्द बोललात तर गुन्हा होईल. हे बाईंना सांगायची गरज नव्हती. निकाल जवळ आले की कंपनीविषयी तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा पहिल्यापासूनचा शिरस्ता होता.

रविवारी दादाचा फोन आला. "छोटे, शेअर ठेवू की काढू?"

काढ, आत्ताच्या आत्ता काढ, असं बाईंना ओरडावंसं वाटत होतं. "दादा, जेवलास का?" एवढंच त्या म्हणाल्या. तो हसला आणि त्याने फोन ठेवला.

निकालाच्या दिवशी बाजार उघडताच भाव कोसळला. विकणाऱ्यांची रीघ लागली, घेणारा औषधालाही सापडेना. बाई कामावरून तडक दादाकडे गेल्या. वहिनीने दार उघडलं. दादा खुर्चीत बसून होता, त्याने मान वर केली नाही.

"मला सांगता येत नव्हतं रे," बाई म्हणाल्या. "मला माफ कर."

"तुझी काय चूक," दादा म्हणाला. "तू दरवेळी अशीच गप्प बसायचीस आणि दरवेळी भाव चढायचा."

वहिनी दाराशीच उभी होती. "यांचं मन होत नव्हतं," ती म्हणाली. "मीच म्हटलं, वन्सं गप्प आहेत म्हणजे सगळं ठीक आहे. माझं सोनं मोडून आणखी शेअर घ्यायला लावले ते मीच."