दुरुस्तीचा नियम

"भावना ठेव बाजूला आणि हे वाच," म्हणत जयरामने हिशेबाचा कागद लेकीपुढे सरकवला.

ओझरच्या विमान कारखान्यात जयरामने तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. तिथेच त्याला एक नियम सापडला होता: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की वस्तू सरळ भंगारात. निवृत्तीनंतर याच नियमाने त्याने घरातला मिक्सर काढला, कूलर काढला. आता जावयाची पाळी होती.

जावई प्रफुल्ल सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला होता. मणक्याचं ऑपरेशन झालं, नोकरी गेली आणि आठ महिने तो घरातच पडून होता. पल्लवी एकटी कमवत होती. चार दिवस नीट झोप मिळावी म्हणून ती बिचारी माहेरी आली, तर बापाने तिच्यापुढे घटस्फोटच मांडून ठेवला.

"मूलबाळ नाही, वय एकोणतीस. आत्ता सुटलीस तर उभी राहशील."

"पप्पा, तो वाईट नाहीये हो."

"वाईट कोण म्हणतंय? परवडत नाही, एवढंच."

पल्लवी रडतच आत गेली. जयरामला वाईट वाटलं, पण आपलं काही चुकलं असं वाटलं नाही.

दाराशी त्याची बायको चंद्रभागा सगळं ऐकत उभी होती. दोन वर्षांपासून तिचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा. आज जायचा दिवस होता.

"मला नाय यायचं," ती म्हणाली.

"का गं? बरं नाही वाटत?"

"माझा खर्च कवाच निम्म्यावर गेलाय. मला कधी काढता?"

"वेड लागलं का तुला? तुझी गोष्ट वेगळी आहे."

"मंग पोरीला तिचा नवरा येगळा वाटत नसंल?"

तुझ्याशिवाय या घरात माझा एक दिवस निघणार नाही, हे जयरामला सांगायचं होतं. पण एकोणचाळीस वर्षांत असलं बोलायची सवयच लागली नव्हती. घाईघाईने तो म्हणाला, "अगं, पेन्शनमध्ये भागतंय ना आपलं!"

चंद्रभागाने मुकाट्याने चपला घातल्या. लेक घरात असताना तिला तमाशा नको होता.

स्कूटरवर बसली की ती नेहमी त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. आज तिने सुया टोचून सुजलेल्या हाताने मागची लोखंडी दांडी धरली.

"खांदा धर ना," जयराम म्हणाला.

"असू द्या. चला तुम्ही."

द्वारका चौकातून सगळे हॉर्न मारत पुढे निघून गेले. जयराम कडेकडेने, अगदी सावकाश स्कूटर चालवत राहिला.