दोन मुठींचा कटर

मित्रांनो, मी कागद कापायचा एक जुना कटर आहे आणि माझ्या पात्याखाली दोन माणसांची बोटं गेली आहेत. हे आधीच सांगितलेलं बरं. स्वतःची गोष्ट सांगायला बसलं की जो तो आपली तारीफ करतो. मलाही तो मोह आहे, पण तारीफ थोडी नंतर करीन.

ओतीव लोखंडाचा पाया, हातभर लांब पातं आणि ते खाली ओढायला उजवीकडे एक मूठ, असा मी कारखान्यातून निघालो आणि बाइंडिंगच्या एका दुकानात टेबलावर येऊन बसलो. दुकान नवरा-बायकोचं होतं. तो पुस्तकं शिवायचा, ती माझ्यावर त्यांच्या कडा कापायची. डाव्या हाताने कागद धरायचा आणि उजव्याने मूठ ओढायची, अशीच तेव्हा पद्धत होती. एका दुपारी वह्यांच्या मोठ्या कामाची घाई होती आणि तिचा डावा हात वेळेवर मागे आला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मी लोखंडाचा असलो तरी तिची किंकाळी अजून विसरलेलो नाही.

बाइंडरने मला भंगारात घातलं नाही. आठ महिने, दर सुट्टीच्या दिवशी, तो माझ्यासमोर स्टूल ओढून बसायचा. सायकलच्या ब्रेकचा दांडा, एक स्प्रिंग, दाराची खिट्टी असलं काय काय जोडून त्याने मला डावीकडे दुसरी मूठ बसवली. कागद धरायला एक दाबपट्टी लावली. डाव्या हाताने ही नवी मूठ दाबून ठेवल्याशिवाय खिट्टी सुटायची नाही, आणि खिट्टी सुटल्याशिवाय पातं तसूभरही हलायचं नाही. म्हणजे पातं खाली येताना दोन्ही हात मुठींवर, पात्यापासून लांब. सोपं वाटतं ना? ते इतकं सोपं करायलाच आठ महिने लागले.

त्यानंतर एकतीस वर्षं मी कुणाला साधा ओरखडा काढला नाही. ही माझी तारीफ, आणि ती खरं तर त्याची आहे. इतर दुकानांतले बाइंडर येऊन माझी मापं घेऊन जायचे. "घ्या की," तो म्हणायचा, "बोटं काय, सगळ्यांना सारखीच प्यारी."

पुढे दुकान बंद झालं. बायको वारली. बाइंडर मुलाकडे राहायला आला आणि मी जिन्याखाली मेणकापड पांघरून पडून राहिलो. नाक असतं तर धुळीने चोंदलं असतं. घरात एक नात होती, दहा वर्षांची. तिने एकदा ते मेणकापड ओढलं आणि आजोबांना विचारलं, "हे काय आहे?" तेव्हापासून माझं तेलपाणी तिच्याकडे आलं.

ही नात शाळेत जात नाही. तिच्या घरासारखी नऊ कुटुंबं मुलांना घरीच शिकवतात आणि दर बुधवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत एकत्र जमतात. आई-वडीलच आळीपाळीने शिकवतात. विज्ञान शिकवणाऱ्या एका वडिलांना मुलं प्रयोगकाका म्हणायची. माणूस मोठा हौशी, मुलांचा लाडका. ‘घाईत प्रयोग नाही’ ही भिंतीवरची पाटी त्यांनीच रंगवलेली.

एका बुधवारी शोधकांचा दिवस ठरला. प्रत्येकाने एका प्रसिद्ध शोधकाविषयी बोलायचं होतं. नातीने यादीत लिहिलं, ‘माझे आजोबा’. यादी करणाऱ्या काकू हसल्या. "अगं, प्रसिद्ध हवेत ना? बरं, तुझं शेवटी घेऊ. वेळ उरला तर."

तरी तिच्या वडिलांनी मला उचलून जिना चढवलं, खोलीत मागच्या टेबलावर ठेवलं आणि ते कामावर गेले. आजोबांचे गुडघे जिन्याला तयार नव्हते. ते घरी बसून राहिले, आपल्याविषयी काय बोलणं झालं ते ऐकायला अधीर झालेले.

पुढे भाषणं सुरू झाली. विजेचा दिवा झाला, विमान झालं, टेलिफोन झाला. मागे भिंतीवर लावायच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायच्या राहिल्या होत्या. प्रयोगकाका माझ्याकडे वळले. अरुंद पट्टी दाबपट्टीखाली नीट बसेना, म्हणून त्यांना ती हाताने धरायची होती. पण डावा हात तर मुठीत अडकलेला. "ही दुसरी मूठ कशाला मध्येच?" असं पुटपुटत त्यांनी सजावटीची फीत घेतली, डावी मूठ दाबली आणि सुरगाठ मारून बांधून टाकली. हात मोकळा झाला, काम भराभर होऊ लागलं.

नातीने मागे वळून पाहिलं आणि ताडकन उठली. "काका, ते सोडा! ती मूठ..."

"श्श! दुसऱ्याचं चालू असताना मध्ये बोलायचं नाही," काकूंनी तिला हात धरून खाली बसवलं.

नवव्या पट्टीला काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी थांबू शकलो नाही. मला थांबवणारी एकच गोष्ट होती आणि ती बांधलेली होती.

सगळे टॉवेल आणि गाडीच्या किल्ल्या शोधत धावत असताना काकांनी उजव्या हाताने फितीचं टोक ओढलं आणि ती खिशात कोंबली. मग ते म्हणाले, "खिट्टी निसटली." सगळ्यांनी ते खरं मानलं.

नातीने घरी फितीचं सांगितलं. आजोबांनी काकांना फोन लावला. "फीत नव्हती, आजोबा. पातं आपोआप आलं," काका म्हणाले. आजोबांनी फोन ठेवला. "ज्याची बोटं गेली तो खोटं कशाला बोलेल, बाळा?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

आजोबा उठून माझ्याकडे आले. रोज सकाळी ते मला पुढ्यात घ्यायचे आणि खिट्टी तपासायचे, पन्नास वेळा, शंभर वेळा. ती एकदाही निसटली नाही. तरी ते म्हणायचे, "माझंच कुठंतरी चुकलंय." माझी मापं नेलेल्या बाइंडरांपैकी जे हयात होते त्यांना त्यांनी एकेक करून कळवलं, "माझ्या मुठीवर भरवसा ठेवू नका." ते ऐकताना मला बोलता येत नाही याचा इतका संताप आला की काय सांगू! मग त्यांनी माझं पातं काढून ठेवलं. हळूहळू जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. पाच महिन्यांनी ते गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात प्रयोगकाका घरी आले. नात माझ्याशेजारी पायरीवर बसली होती.

"फीत मीच बांधली होती," ते म्हणाले. "पाटी रंगवणारा मीच. मुलांना कुठल्या तोंडाने सांगणार होतो? या बुधवारी सगळ्यांसमोर सांगतो. तू तुझं भाषणही कर."

"मला माहीतच होतं, काका," ती म्हणाली. "आजोबांना माहीत नव्हतं."

मित्रांनो, यंत्रांना तेल घाला, ती पुसून ठेवा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. हातून चूक झाली तर कबूल करा, आणि ज्याला ती ऐकायची गरज आहे तो ऐकू शकतो आहे तोवरच करा.