उजव्या दिव्याचा शेंदूर

डावा दिवा लागला. समोरची भिंत, भिंतीवर चुन्यानं लिहिलेली बिडीची जाहिरात, तिच्या पायथ्याशी रवंथ करत बसलेली शेळी, सगळं लख्ख झालं. उजवा दिवा



लागला, नाही असं नाही. पण तेल संपत आलेली वात जशी लालसर होऊन बसते, तसा लागला आणि तसाच राहिला.

"चाचा, हा तं उपाशी दिसते," उद्धव स्टिअरिंगमागून म्हणाला.

गुलाम नबी मिस्त्री दिव्यापुढं वाकला. अकोल्यात मोर्णेच्या पुलाअलीकडं, लिंबाखाली त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर एक पत्रा, खाली एक लोखंडी पेटी आणि उरलेली सगळी सावली. आज सकाळपासून त्या सावलीत उद्धवचा पिकप उभा होता. गाडी लष्कराच्या लिलावातली. तिचे जुने दिवे बशीएवढे आणि मेणचट, म्हणून उद्धवनं अमरावतीच्या अब्दुल सत्तार भंगारवाल्याकडून मोडीत निघालेल्या एका बसचे मोठे दिवे आणले होते. आता एका गाडीचे दिवे दुसरीला बसवायचे म्हणजे उसन्या चपला घालून वरातीत नाचणं. पाय आत जातो, पण

"चावते कुठं, थे पाहा लागन," मिस्त्री शेवटी म्हणाला.

दुर्गाबाई, उद्धवची आई, लिंबाच्या बुंध्याशी उपड्या खोक्यावर बसली होती. तिनं डाव्या दिव्याकडं पाहिलंच नाही. तिची नजर उजव्यावर होती, दिवे बसवल्यापासून उजव्यावरच होती.



त्याला कारण होतं. तिचा नवरा खुशालराव लॉरी चालवायचा. पातूरच्या रस्त्यावर एका संध्याकाळी त्याच्या लॉरीचा उजवा दिवा गेलेला होता. "चांदणं हाये, एका दिव्यानं जातो," असं म्हणून तो निघाला. समोरून दुसरी लॉरी आली. त्या ड्रायव्हरला एकच दिवा दिसला. त्याला वाटलं, फटफटी येतेय. फटफटीला जेवढी लागते तेवढी जागा त्यानं सोडली.

पुढचं दुर्गाबाई कधी सांगत नसे. पुढचं सांगायला



मागं पिकपमध्ये ओल्या गोणपाटाखाली पानांचे करंडे होते. अकोटच्या पानमळ्यातली विड्याची पानं, अमरावतीच्या सकाळच्या बाजाराला न्यायची. पानाला ऊन सोसत नाही, रात्रीचा गारवाच हवा. म्हणून दिवस मावळताना निघायचं आणि म्हणून दिवे हवेत. दुर्गाबाईनं सकाळीच सांगून टाकलं होतं, दोन्ही दिवे सारखे लागले नाहीत तर पानं इथं सडली तरी चालतील, गाडी हलणार नाही.

"माय, सडक सीधी हाये," उद्धव आता म्हणाला. "मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती. डोये मिटून जाईन मी."

"तुह्या बापाचे उघडेच होते," दुर्गाबाई म्हणाली.

शेळीनं जागा बदलली.



मिस्त्रीनं उजव्या दिव्याची काच काढली, बल्ब काढला, डाव्यात घातला. डावा लख्ख. डाव्याचा बल्ब उजव्यात घातला. उजवा लालसर.

"बल्ब बेकसूर हाये," तो म्हणाला.

मग बटण. डॅशबोर्डखाली तो उताणा झोपला, फक्त पाय बाहेर. बटण उघडलं, घासलं, परत लावलं. उजवा लालसर.

मग तार. जुनी तार बाजूला ठेवून त्यानं बॅटरीपासून थेट उजव्या दिव्यापर्यंत एक नवी कोरी तार मातीवरूनच ओढत नेली. दुर्गाबाईनं पाय वर उचलून घेतले. आणि उजवा

लालसर.

"आता हद्द झाली!" गुलाम नबी उठून बसला. त्याच्या दाढीत लिंबाच्या काड्या अडकल्या होत्या. "जेवाले वाढतो तं जेवत नाई. इतकं तं माह्या पोरानं, नईमानं, लहानपनी नाई सतावलं."

"सत्तार भंगारवाल्यानं फसवलं असन आमाले," दुर्गाबाई म्हणाली.

"दिवा फसवनारा नाई, माय. डावा त्याचाच सख्खा भाऊ हाये ना? थो पाहा, कसा शहाण्यावानी जळून राहिला."

"भावाभावात सारखं असते का कुठं?"

मिस्त्री हसला. मग हसता हसता थांबला. गाडीच्या पुढं उकिडवा बसला आणि उजव्या दिव्याच्या पितळी कडेकडं बघत राहिला, जसं एखाद्याच्या तोंडाकडं बघतात, हा खोटं बोलतोय का म्हणून.



आता जरा दुपारकडं जायला हवं. गोष्ट मागं सरकते, पण तारही मागं सरकूनच तपासतात.

दुपारी गुलाम नबी जुम्म्याच्या नमाजला गेला होता. जाण्याआधी त्यानं दोन्ही मडगार्डांवर, दिव्याचा दांडा जिथं बसणार तिथला रंग कानशीनं खरडून पत्रा चकचकीत केला होता. दिवे बाजूला गोणपाटावर ठेवले होते. उद्धव चहाला गेला. दुर्गाबाई एकटी राहिली आणि तिनं कनवटीची डबी काढली. डबीत मारुतीच्या पारावरून आणलेला शेंदूर होता, तेलात कालवलेला.

नवी वस्तू आली की तिला शेंदराचं बोट लावायचं. पण कुठं? काचेवर लावलं तर उद्धवचा फडका पुसून टाकणार. बॉनेटवर लावलं तर ऊन-पाणी. घराची चौकट बसवताना हळदकुंकू चौकटीच्या खाली ठेवतात, वर नाही. जे राखण करतं ते खालीच असतं, कुणाला न दिसणारं. तिला उजव्या मडगार्डावरचा तो चकचकीत तुकडा दिसला. तिथं तिनं लावला. एक बोट नव्हे, चांगला थापला. भोकात लावला, शेजारी ठेवलेल्या बोल्टलाही लावला. डावीकडं लावला नाही. खुशालरावचा दिवा उजवा होता.

मिस्त्री परतला. जागा आपणच खरडून ठेवलीय हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळं त्यानं पाहिलं नाही. दिवा ठेवला, पाना फिरवला.



"उद्धव, बटण दाब," गुलाम नबी म्हणाला.

उजवा लालसर झाला. मिस्त्रीनं तारेचा एक तुकडा घेतला, त्याचं एक टोक दिव्याच्या पितळी कडेला लावलं आणि दुसरं खाली गाडीच्या लोखंडी सांगाड्याला

आणि भिंत, जाहिरात, शेळी, सगळं दुप्पट उजळलं. शेळी उठून गेली.

"हे घ्या!" मिस्त्री ओरडला. तार उचलली, दिवा मलूल. टेकवली, लख्ख. "जायच्या वाटंत काईच खराबी नाई, माय. यायची वाट बंद हाये."

"कोनाची?"

"करंटाची. बॅटरीतून निंगते, तारेतून दिव्यात जाते. पन मंग त्याले घरी यावं लागते ना? परतीची तार नसते. थे दांड्यातून मडगार्डात, मडगार्डातून लोखंडा-लोखंडानं बॅटरीकडं वापस येते. घरी यायची वाट नसली तं थे जातच नाई." त्यानं डोकं खाजवलं. "पन म्या तं पत्रा घासला होता. माह्या हातानं घासला होता."

दुर्गाबाईनं कनवटीवरून हात फिरवला. डबी तिथंच होती.

"नबीभाऊ," ती म्हणाली. "तेलाचं काई असलं मधात, तं?"

"तेल? तेल तं अडवनच."

"अन् शेंदूर?"

मिस्त्रीनं तिच्याकडं पाहिलं. उद्धवनं बटण बंद केलं. मिस्त्री पाना घेऊन वाकला. बोल्ट ढिला झाला, दांडा जरासा उचलला गेला आणि फटीतून ताजा, ओला, केशरी रंग दिसला.

"माय!" उद्धव म्हणाला. "काहून वं माय?"

"थांब, पोट्ट्या," मिस्त्री म्हणाला. पाना त्यानं मांडीवर ठेवला. कानस पेटीत होती, हाताशी. तो तिला शिवला नाही. "माय, याले हात लावाची गरज नाई. मी एक बारकी तार बांधून देतो दिव्यापासून खाली. शेंदूर तुमचा जिथल्या तिथं राहीन, दिवाबी जळन. आत्ता होते."

दुर्गाबाई उठली. मडगार्डाजवळ येऊन उभी राहिली.

"तार तुटते का, नबीभाऊ?"

उद्धव म्हणाला, "नाई तुटत, माय, चाल आता."

"मी तुले नाई इचारलं."

गुलाम नबीनं लिंबाकडं पाहिलं, पुलाकडं पाहिलं. खोटं सोपं होतं आणि पानं सुकत होती. "तार होय, माय," तो म्हणाला. "खड्ड्यात हादरे बसतेत. तुटू शकते. पेचानं आवळलेलं लोखंड नाई तुटत."

"मंग कानस द्या."

"मी..."

"तुमी नोका करू. म्या लावला, मी काढतो."

तिनं आधी पदरानं पुसलं. पदर केशरी झाला. मग कानस घेतली. तिला धरता येईना, तर मिस्त्रीनं तिच्या हाताला हात न लावता नुसतं हवेत दाखवलं, अशी तिरपी, अशी. रॉकेलच्या बोळ्यानं भोक साफ केलं, बोल्ट साफ केला. पत्रा पुन्हा चकचकीत झाला आणि तिथं आता राखण करणारं काहीच नव्हतं. ती त्या उघड्या पत्र्याकडं बघत राहिली.

मिस्त्रीनं दांडा बसवला, बोल्ट अंगाचं वजन टाकून आवळला. बटण न दाबताच तिच्याकडं वळला.

"डबी आना आता."

"कायले?"

"आता वरून लावा. चांगला थापा, चहूबाजूनं. लोखंडाले लोखंड भेटलं, आता मधात पानी गेलं तं जंग चढन अन् वाट पुन्हा बंद होईन. पुलाचं लोखंडबी शेंदूर-तेल देऊनच राखतेत. तुमचं चुकलं नाई, माय. फक्त म्या पेच आवळाच्या आधी लावला तुमी."

"अन् तुमीबी न पाहता आवळला," दुर्गाबाई म्हणाली.

"हाव," गुलाम नबी म्हणाला. "थेबी खरं हाये."

तिनं डबी रिकामी केली. दांड्याच्या बुडाशी केशरी कडं उमटलं. उद्धवनं बटणाकडं हात नेला तसं ती म्हणाली, "थांब. मले पुढं जाऊ दे."

"कुठं?"

"पुलापल्याड. मागून काय दिसते गाडीचं? समोरून येनाऱ्याले काय दिसते, थे पाह्यतो."



आणि मग ती केशरी पदर डोक्यावर घेऊन पुलावरून चालत गेली, बाजारातून परतणाऱ्या बैलगाड्यांच्या कडेनं, सायकलवाल्यांच्या घंट्या ऐकत, पल्याड जाऊन मागं वळून समोरून येणाऱ्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली, आणि इकडं उद्धवनं बटण दाबलं आणि करंट बॅटरीतून निघाला, तारेतून दिव्यात गेला, दिव्यातून दांड्यात, दांड्यातून मडगार्डात, लोखंडा-लोखंडानं परत बॅटरीपाशी आला आणि पुन्हा निघाला, आणि गाडी ओल्या पानांचा वास घेऊन पुलावर चढली, आणि दुर्गाबाईला दाटत्या अंधारात ना फटफटी दिसली ना सायकल, तर एकमेकांपासून बरोबर गाडीएवढ्या अंतरावरचे दोन दिवे दिसले, सारखे, त्यातला उजवा तिच्या बाजूचा, आणि शेजारून जाणाऱ्या गाडीवानाला ती, ओळख ना पाळख, मोठ्यानं म्हणाली, "सरका बापा, बाजूनं घ्या, गाडी येऊन राह्यली."