सर्वपित्रीची भरती

रविवार, १९ सप्टेंबर १९७१, दुपारी एक वाजून दहा मिनिटे. बंगालात, गार्डन रीचच्या नदीघाटावर पाण्याबाहेर उरलेल्या पायऱ्या तीन. ही वेळ मी भरतीच्या कोष्टकावरून काढली होती. ओहोटीला येथे चिखल असतो व नाव पायऱ्यांपासून दूर राहते. पूर्ण भरतीला मात्र नावेचा काठ पायरीच्या पातळीला येतो.

माझी पत्नी कालिंदी हिच्या खुब्याचे हाड मोडून जुळले, पण सांधा वाकेना. टॅक्सीत बसणे अशक्य. नदीपलीकडे शिबपूरला तिची बहीण सरला हृदयविकाराने अंथरुणाला खिळलेली. चौदा महिने दोघींची भेट नव्हती. म्हणून मी एका आरामखुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू जोडले. पुढे शेजारचे दिगंबरराव, मागे मी. पैलतीरावर सरलाचे दोघे मुलगे थांबणार होते.

घाटावर पोहोचलो आणि जागीच थबकलो. पायऱ्यांवर, कमरेइतक्या पाण्यात, माणसेच माणसे. ओंजळीत तीळ-पाणी घेऊन तर्पण चालले होते. सकाळच्या चिखलामुळे तीही भरतीसाठीच थांबली होती. आम्ही ठरवलेली नाव त्यांच्या पलीकडे खोळंबली होती.

"आज एवढी गर्दी कसली?"

"अहो, सर्वपित्री आज," कालिंदी खुर्चीतून म्हणाली. "या बंगाल्यांची महालया. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम हाच दिवस धरलात."

"मी कोष्टक पाहिलं."

"आणि पंचांग?"

अमावास्येला भरती मोठी, एवढेच मी पाहिले होते. आता थोड्याच वेळात पाणी उतरू लागणार होते. दिगंबररावांना सवड रविवारचीच, आणि दुपारच्या मोठ्या भरतीचा पुढचा रविवार दोन आठवड्यांनी. सरलाच्या डॉक्टरांनी तेवढ्या दिवसांची हमी दिली नव्हती.

पाण्यातून एक तरुण बंगालीत ओरडला, "काकाबाबू, पालखीतून नवरी कुठं निघाली?"

कालिंदीचे बंगाली माझ्याहून चांगले. "नवरी छत्तीस वर्षं जुनी आहे रे! आजारी बहिणीकडे निघालेय. नवरदेव अजून गणितच करतायत!"

हशा पिकला. मंत्र सांगणाऱ्या वृद्ध पुरोहितांनी हात वर केला. "आधी ओंजळ पुरी करा. अर्धी सोडायची नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तोवर दम धरा."

दम धरणे कठीण गेले. पाणी पायरीवर स्थिरावले होते.

मंत्र संपला. पुरोहितांनी नुसते नावेकडे बोट दाखवले. माणसे बाहेर आली नाहीत. पाण्यातच दोन रांगा करून उभी राहिली. आमच्या हातांतले बांबू त्यांच्या खांद्यांवर गेले.

"सावकाश, मासिमा!" कालिंदीला मावशी म्हणत कुणीतरी बजावले.

"डावीकडचे, उचला की! जेवला नाहीत का?" उजव्या रांगेतून एकजण ओरडला.

"आज उपास आहे, दादा!"

मी कपड्यांनिशी मागोमाग पाण्यात उतरलो. खुर्ची खांद्यांवरून खांद्यांवर सरकत नावेत टेकली. कालिंदीच्या पातळाला थेंबही लागला नाही. नावेत चढून मी हात जोडले. नावे विचारणार, तोवर ते सारे पुढच्या ओंजळीसाठी तीळ मागू लागले होते. त्यांतल्या एकाचेही नाव मला आजवर कळलेले नाही, आणि त्यांचे ऋण फिटले असे मी कधी मानलेले नाही.

कालिंदीला मी परत आणले ते पुढच्या मोठ्या भरतीच्या रविवारी. दोघी बहिणी एका घरात राहिल्या ते दिवस : चौदा.