मायच्या वतीनं

आलापल्लीच्या शाळेत रुखमा मास्तरीण म्हणून लागली, तेव्हा आपल्या विधवा मायला, ठमाबाईला, तिनं कोरपन्याहून सोबत आणलं. ठमाबाईची हयात कापूस वेचण्यात गेली होती. आता संधिवातानं तिची बोटं सुजून वाकडी झाली होती. सकाळी मूठसुद्धा वळत नसे, गुडघ्यांमुळे बरेच दिवस अंथरुणातच जात.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात नागपूरचे डॉक्टर बोकारे गावच्या दवाखान्यात दर महिन्याला येऊ लागले. संधिवातावरच्या एका नव्या गोळीचा त्यांचा अभ्यास चालू होता. गोळीनं पोटाला त्रास होऊ शकतो, झाला तर लगेच सांगायचं, नको वाटलं तर केव्हाही सोडायचं, असं सगळं त्यांनी नीट समजावलं. पण समजावलं ते रुखमाला. ठमाबाई शेजारी बसून कधी डॉक्टरांच्या तोंडाकडे, कधी लेकीच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"माय तयार आहे," रुखमानं सांगून टाकलं.

गोळीचा गुण आला. सूज ओसरली, ठमाबाई एकटी विहारात वंदनेला जाऊ लागली. रुखमा शाळेत ज्याला त्याला कौतुकानं सांगत सुटली. अशातच एका सकाळी ठमाबाई म्हणाली, "रुखमा, पोटात लय आग पडून राह्यली वं. अन् परसाकडे डांबरावानी काळं होते. डाक्टरले सांगशील."

"सांगते ना, माय."

पुढच्या तपासणीला बोकाऱ्यांनी विचारलं, "काही त्रास?" ठमाबाईनं तोंड उघडलं, तेवढ्यात रुखमाच बोलली, "नाही सर. खूप फरक आहे." सांगितलं तर गोळी बंद होईल, माय पुन्हा अंथरुणाला खिळेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ठमाबाई तिच्याकडे पाहून गप्प बसली. लेक शिकलेली, तिनं काही विचार करूनच सांगितलं असेल, असं तिला वाटलं असावं.

त्याच आठवड्यात अंगणात तांदूळ निवडता निवडता ठमाबाईला रक्ताची उलटी झाली. जंगल खात्याच्या जीपमधून तिला चंद्रपूरला नेलं. वाटभर मायचं डोकं मांडीवर घेऊन रुखमा बसली होती. मायचे डोळे मिटले, की तिला हलवून जागं करी.

रक्त चढवल्यावर धोका टळला. बोकारे धावत आले. "आधी काही जाणवलं नव्हतं का?"

"होतं जी," ठमाबाई क्षीण आवाजात म्हणाली. "मीच नाई सांगितलं."

रुखमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला गप्प राहता आलं असतं. पण तीच गोळी अहेरीच्या, सिरोंच्याच्या बायाही खात होत्या.

"सर, मायनं मला सांगितलं होतं. मीच तुमच्यापासून लपवलं. बाकीच्या बायांना विचारा, आजच विचारा."

बोकाऱ्यांनी त्या बायांची नावं कागदावर उतरवली. मग म्हणाले, "चूक माझीही आहे. आजार यांचा, अन् मी विचारत राहिलो तुम्हाला." ते खाटेच्या काठावर बसले. "मावशी, तुम्हाला या औषधानं काय व्हायला हवं होतं?"

ठमाबाई लाजली. "मले माह्या हातानं लुगडं नेसता आलं पायजे. लेक नेसवून देते. पण लेकीसमोर रोज असं उभं राहाले बरं नाई वाटत जी."

रुखमा रोज मायला नेसवत होती. माय कुठवर चालली, किती जेवली, हे डॉक्टरांना हौसेनं सांगत होती. हे मात्र तिनं कधी विचारलंच नव्हतं.

बोकाऱ्यांनी बाकीच्या बायांकडे त्याच दिवशी माणसं धाडली. एकीचं पोट असंच जळत होतं. तिची गोळी वेळेवर थांबली. ठमाबाईनं अभ्यास सोडला. "शेकीन, हात हलवीन, थोडं दुखलं तं दुखू द्या," असं तिनं स्वतः ठरवलं. बोटं पुरती सुधारली नाहीत. लुगड्याच्या निऱ्या वेड्यावाकड्या येत, पण दार लावून तीच घाली.

पुढच्या महिन्यात मायच्या पोटाच्या तपासणीला रुखमा बाहेरच्या बाकावर बसली. आतून मायचा आवाज येत होता. ती डॉक्टरांना काहीतरी लांबलचक सांगत होती आणि मधेच हसत होती.

मायनं त्या गोष्टीचा शब्दही पुन्हा काढला नाही. एकदा रागावली असती, तर रुखमाला हलकं वाटलं असतं. जेवताना मायचा हात सहज जरी पोटाकडे गेला, तरी रुखमाचा घास तोंडातच राही.

"काय झालं वं?" माय विचारी.

"काही नाही," म्हणून ती मान खाली घाली.