भाऊजींनी चिकटवलेला चंद्र

"चंद्र टाकला तर एवढं काय बिघडलं? आकाश किती रिकामं वाटत होतं," भाऊजी म्हणाले.

रिकामं म्हणे. स्टुडिओ त्यांचा, कॉम्प्युटर त्यांचा, पण ते आकाश मी आणलं होतं, टेकडीवर कॅमेऱ्याशेजारी कुडकुडत बसून. शेकडो फोटो एकामागे एक जोडून व्हिडिओ केला की तारे सरकताना दिसतात. चंद्र असला की बारीक तारे पुसले जातात, म्हणून मी अमावास्येपर्यंत कळ काढली. आणि ह्या माणसाने कोपऱ्यात ताटाएवढा पौर्णिमेचा चंद्र चिकटवला. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या डोक्यावर टाकतात ना, तोच.

"हा हलत का नाही?" मी विचारलं.

"कोण?"

"चंद्र. तारे सरकतायत आणि हा खिळा ठोकल्यासारखा. बघा, एक तारा त्याच्या पोटातून आरपार गेला."

भाऊजींनी चष्मा वर सरकवला. "एवढं कोण बघतंय, मेहुणे?"

"वेधशाळेतली माणसं. त्यांना दुसरा धंदा काय आहे?"

वेधशाळेला कॅमेरा सांभाळायला मुलगा हवाय. दाखले नकोत, काम दाखव, म्हणाले. शाळा सोडलेल्याला असं कोण विचारतं? आणि भाऊजींनी मला न विचारता व्हिडिओ पाठवूनसुद्धा दिला.

ताई आतून आली. "तुझ्यासाठी जागले रे ते. आणि नाव तुझंच टाकलंय."

"तेच तर. स्वतःचं टाकलं असतं तर निदान मी सुटलो असतो."

"तोंड सांभाळ. माफी माग त्यांची."

"अगं राहू दे," भाऊजी म्हणाले. "पण बाळा, साधं काम बघून कोण ठेवतं? जरा चमक लागते."

म्हणजे माझं काम साधं. वर मोठं मन दाखवून मलाच माफ केलं.

मी तिथूनच वेधशाळेत फोन लावला. "साहेबांनी अजून बघितला नाही, जेवायला गेलेत. आल्यावर बघतील," तिथल्या बाई म्हणाल्या. मूळ, बिनचंद्राचा व्हिडिओ मी पेनड्राइव्हवर घेतलाय. माझ्या सायकलमध्ये भाऊजी हवा भरतायत, गाल फुगवून. ती भरून होईपर्यंत हे लिहिलं. ताई अजून माफीवरच अडून बसलीय. मागणार नाही. आधी तो चंद्र तिथून निघू दे. साहेब किती वेळ जेवतात कोणास ठाऊक, मला आता निघायला हवं.