उतरलेलं पाणी

मी एक जुना, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. टोकाला चार पाकळ्यांची फुली आहे, म्हणून निपाणीच्या आमच्या घरात मला 'फुलीवाला' म्हणतात. मित्रांनो, माझी गोष्ट आनंदाची नाही. पण तुमच्याही घरात एखाद्या ड्रॉवरमध्ये माझा भाऊबंद पडलेला असेल, आणि त्याला धरणारा एखादा जुना हातही असेल. म्हणून सांगतो.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते ठाऊक नाही. आठवते ती भट्टीची धग. लाल झालेलं माझं टोक कुणीतरी एकदम पाण्यात बुडवलं आणि मी चर्रकन ओरडलो. तेव्हाच मला कणखरपणा आला. कारागीर याला 'पाणी देणं' म्हणतात. असं पाणी दिलेलं पोलाद लवकर झिजत नाही आणि वाकतही नाही.

हरिभाऊंनी मला बेळगावच्या खडे बाजारात घेतलं. तेव्हा ते निपाणीच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळत. विजेची घंटा बंद पडली, तराजूचा काटा अडकला, की हरिभाऊ मला खिशात घालून निघत. मुलं भोवती गोळा होत. घंटा परत वाजली की टाळ्या पडत, आणि त्यातल्या थोड्या माझ्याही आहेत असं मी समजत असे. खंडेनवमीला मला हळदकुंकू लागे, झेंडूचं फूल मिळे. त्या दिवशी घरातला दिवा गेला तरी हरिभाऊ मला उचलत नसत. "आज त्याची सुट्टी हाय," म्हणायचे.

माझं वाईट झालं ते उसनवारीत. पंखे-दिवे बसवणारा भावकू शेजारच्या गल्लीत राहतो. काम निघालं की तो हरिभाऊंच्या दारात येई.

"आण्णा, फुलीवाला द्या की जरा."

"जरा म्हंजे किती रं? मागल्या बारीला दिवाळीत नेलास, ते शिमग्याला आणलास."

भावकूनं माझ्या टोकानं रंगाचे डबे उघडले. माझ्या डोक्यात हातोडी घालून भिंतीला भोकंही पाडली. फुली बोथट झाली तेव्हा त्यालाच वाईट वाटलं. त्यानं मला धार लावायच्या फिरत्या दगडावर धरलं आणि ठिणग्या उडवत टोक काढलं. मोठ्या हौसेनं परत आणून दिलं.

"बघा आण्णा, सुईवाणी केलोय!"

हरिभाऊंनी मला उजेडात धरलं. माझं टोक निळं पडलं होतं. फुलीच्या खाचा तर जवळजवळ गेल्याच होत्या.

"सुई कुणी मागितलीती रं तुला? निळा केलास. पाणी उतरवलंस की याचं!"

"पाणी?" भावकू चक्रावला. "मी तर पाण्याजवळ नेलाच न्हाई, आण्णा. गंजंल म्हणून कोरडाच घासला!"

वासंतीकाकू, हरिभाऊंच्या पत्नी, पदर तोंडाला लावून हसल्या. हरिभाऊही हसले. मला हसता आलं नाही. कोरडं घासल्यानं पोलाद तापतं, आणि तापलं की त्याचा कणखरपणा जातो. मी आतून मऊ झालो होतो.

पुढे हरिभाऊ निवृत्त झाले. मी ड्रॉवरमध्ये मेणबत्त्यांशेजारी पडून राहिलो. काम निघालं तर मला घेत, पण मी स्क्रूवरून घसरत असे आणि त्याचं डोकं खाऊन टाकत असे. आणि मित्रांनो, आणखी एक गोष्ट होती. मूठ माझी, म्हणून ती गोष्ट मलाच आधी कळली. त्यांचा उजवा हात कापू लागला होता.

मग वासंतीकाकूंच्या कुकरचा दांडा ढिला झाला.

"अहो, लटलट करतोय तो. एक दिवस डाळीसकट पायावर घेणार मी."

हरिभाऊंनी मला स्क्रूवर टेकवलं. मी घसरलो. परत टेकवलं, परत घसरलो.

"याचं पाणी उतरलंय. दुसरं काय न्हाई," ते म्हणाले.

त्यांचा मुलगा चिन्मय बेळगावला नोकरी करतो. फोनवर तो म्हणाला, "आप्पा, रविवारी नवा कुकरच घेऊन येतो."

"दांड्यासाठी कुकर टाकतंय का कोण? मी करतोय म्हटलं न्हवं!"

त्यांचा आवाज चढला, तशा काकू स्वयंपाकघरात गेल्या. कुकर नवा की जुना, याचं हरिभाऊंना काहीच नव्हतं. हे काम आपल्या हातानं होतं की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं.

एका सकाळी त्यांनी मला परसातल्या फळीला बसवलेल्या लोखंडी पकडीत आवळलं. आधी सपाट कानशीनं माझं सुईसारखं टोक काढून टाकलं. मग तीनधारी कानस घेऊन चारही खाचा खोल करायला घेतल्या. कुकरसाठी आणलेला नवा स्क्रू मध्येमध्ये माझ्यावर बसवून बघत. हात थरथरला की ते थांबत आणि सगळं अंग कानशीवर टाकत. काकूंनी कानशीचं दुसरं टोक धरलं.

मग मुठीला ओलं फडकं गुंडाळून काकूंनी मला सांडशीनं गॅसवर धरलं.

"नळाला पाणी न्हाई आज, आणि तुम्ही याला पाणी देताय!"

"वाटीभरच लागतंय गं. लाल होऊ दे... अजून... हां, बुडव!"

मी पुन्हा चर्रकन ओरडलो. त्यांनी मला पॉलिश पेपरनं घासलं आणि ठिसूळ राहू नये म्हणून परत हलकेच शेकलं. टोकावर गव्हाच्या वाळल्या काडीचा रंग उतरला, तशी काकूंनी मला पुन्हा वाटीत बुडवलं. मित्रांनो, मी परत तरणा झालो. चारही पाकळ्या टोकदार झाल्या. नवा स्क्रू लावला तर मला धरून लोंबकळत राहिला, पडला नाही.

हरिभाऊंचा चेहरा उजळला. "आता बघ!"

परसात बसून, कुकर मांडीवर घेऊन त्यांनी मला स्क्रूवर आणलं. मी फुलीत शिरलो आणि घट्ट धरलं. पण मूठ हलली, मी तिरका झालो आणि बाहेर पडलो. त्यांनी दोन्ही हातांनी धरून पाहिलं. श्वास रोखून पाहिलं. शेवटी मी कुकरच्या अंगावर एक लांब ओरखडा काढत गेलो आणि त्यांच्या बोटात रुतलो.

काकूंनी घाईनं हळद आणली. "पाणी कमी पडलं असंल हो याला. परत तापवू या."

हरिभाऊ माझ्याकडे बघत होते. अंगठ्यानं त्यांनी माझ्या चारही कडा चाचपल्या.

"न्हाई गं," ते म्हणाले. "त्याचं पाणी ठीक हाय."

मग त्यांनी मला काकूंच्या हातात दिलं. "उजवीकडं फिरव. दाबून धर. व्हय, तसंच." दांडा पक्का बसला. काकूंनी शाबासकीची वाट बघितली नाही, कुकर उचलून ओट्यावर ठेवला. हरिभाऊ परसात तसेच बसून राहिले. जेवायला बोलावलं तेव्हा उठले आणि डाव्या हातानं जेवले.

तेव्हापासून मला काकू वापरतात. हरिभाऊ ड्रॉवर उघडत नाहीत.

मित्रांनो, हत्यारं जपा. कोरडी ठेवा, तेलाचं बोट लावा, माझ्यासारख्याची छिन्नी करू नका. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. घरातलं म्हातारं माणूस सुईच्या नाकाला, पेनाला, कुलपाला बोल लावत असेल, तर लगेच नवी वस्तू आणायला धावू नका. आधी त्यांचा हात हातात घेऊन बघा. आणि तो बोल आम्हा वस्तूंवरच राहू द्या. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. मी झिजलेला होतो तोवर हरिभाऊंच्या लेखी त्यांचा हात चांगला होता.